बाळंतिणीच्या रजईतल्या गाठी

आधी चूक सांगतो. धंद्यातल्या गमती मागाहून सांगितल्या तरी चालतील, पण चूक मागे ठेवली की ती राहूनच जाते, असा माझा अनुभव आहे.

एका बाईंनी मला विचारलं, की रजईत गाठी नाहीत ना? गाठी होत्या. मी नाहीत म्हणून सांगितलं. झालं एवढंच. पण त्यामुळे एक आई आपल्या लेकीच्या पहिल्या बाळंतपणाला तिच्याजवळ पोचू शकली नाही. ती का पोचली नाही हे लेकीला ठाऊक नव्हतं, आणि आई सांगत नव्हती. ज्याच्यामुळे हे झालं तो तिसरा माणूस मी होतो आणि मी दुकानात बसून गाद्या विकत होतो.

कळंब्याच्या रस्त्याला माझं गादी-रजईचं दुकान आहे. पुढे दुकान, मागे पत्र्याची शेड, शेडमध्ये कापूस पिंजायचं मशीन. मशीन चालू असलं की समोरचा माणूस काय बोलतो ते ओठांवरून ओळखावं लागतं. त्यामुळे आमच्या घरात सगळेच मोठ्यानं बोलतात. तसे कोल्हापुरात सगळेच मोठ्यानं बोलतात, पण आमच्याकडे निदान कारण आहे.

मी हा धंदा शिकलो उस्मानचाचांकडून. चाचा पिढीजात पिंजारी. त्यांच्या वाडवडिलांनी धनुष्यासारख्या कमानीवर कापूस पिंजला, चाचांनी म्हातारपणी मशीन घेतलं आणि हात चालेनासे झाल्यावर ते माझ्या हवाली केलं. माझ्या वडिलांना मी कुठेतरी ऑफिसात चिकटावं असं वाटत होतं. मी बी.कॉम.ला गटांगळी खाल्ली आणि कापसात पडलो. "पडलास ते मऊ जागी पडलास," एवढंच वडील म्हणाले.

रजई म्हणजे काय ते ज्यांना तयारच मिळते त्यांच्यासाठी सांगतो. दोन कापडांची पिशवी शिवायची, तिला आम्ही खोळ म्हणतो. तिच्यात पिंजलेला कापूस सारखा पसरायचा, काठीनं बडवून बडवून कोपऱ्यापर्यंत न्यायचा आणि तोंड शिवून टाकायचं. एवढ्यानं रजई होत नाही. आहे तशी पांघरली तर चार दिवसांत सगळा कापूस पायाशी गोळा होतो आणि छातीवर नुसतं कापड राहतं. कापूस जागच्या जागी धरून ठेवायला दोन उपाय असतात. पहिला धावदोरा. सुईनं ओळीमागून ओळ शिवत सबंध रजई भरून काढायची. दिसायला देखणं काम, पण वेळखाऊ आणि डोळेफोडीचं. दुसरा उपाय गाठीचा. वीत-वीत अंतरावर सुई खाली घालायची, अगदी शेजारून वर काढायची, दोन्ही टोकांची गाठ मारायची आणि बोटाच्या पेराएवढी शेंडी ठेवून दोरा कापायचा. धावदोऱ्याची एक रजई होते तोवर गाठीच्या कितीतरी होतात.

गिऱ्हाइकाला वाटतं गाठीची रजई म्हणजे पळवाट. तसं नाही. धावदोऱ्यानं कापूस दाबला जातो. गाठीत तो फुगलेला राहतो आणि ऊब जास्त देतो. शिवाय दोन-तीन वर्षांनी कापूस बसला की गाठी कापायच्या, कापूस काढायचा, पुन्हा पिंजायचा, पुन्हा भरायचा. धावदोऱ्याची रजई उसवायला बसलात तर तुमची कंबर आधी उसवेल. चाचा म्हणायचे, "बेटा, टाका मारला की कापूस कैदेत. गाठ मारली की भाडेकरू. कवा बी खोली खाली करतोय."

गाठीलाही रीत असते. उजवा दोरा डाव्यावर आणि मग डावा उजव्यावर. दोन्ही वेळा उजवाच वर घेतला तर गाठ दिसायला गाठ असते, पण ओढली की सरकते. सुरुवातीला मी अशा सरकत्या गाठी मारलेली एक गादी तालमीतल्या एका पैलवानाला दिली होती. आठवड्यानं तो गादी खांद्यावर टाकून चालत आला. ती दुकानात अंथरली, स्वतः तिच्यावर आडवा झाला आणि म्हणाला, "बघा, कुठं हाय कापूस? ह्यापेक्षा आमची लाल माती मऊ हाय." मी चाचांना बोलवायला शेडमध्ये गेलो. येऊन बघतो तर पैलवान तिथंच घोरत पडलेला. चाचा म्हणाले, "तक्रार करणारा झोपला म्हंजे गादी बरी हाय. तरी गाठी परत मार."

धंद्याला बरे दिवस आले ते पन्हाळ्याच्या एका हॉटेलमुळे. गडावर थंडी, वारा आणि धुकं. खोल्या वाढल्या तशा रजया वाढल्या. त्यांचा मॅनेजर मोठा बोलका. पहिल्या रजया पोचल्यावर महिन्याभरात खाली उतरला.

"मालक, तुमच्या रजईला केस हायत."

"केस न्हवं, शेंड्या हायत त्या गाठीच्या."

"काय बी असू दे. मुंबईच्या पावण्यांची पोरं टीव्ही बघत बघत उपटत्यात. एका खोलीतली रजई पार टक्कल झालीया."

मी शेंड्या बारीक कापून दिल्या तर गाठी सुटायला लागल्या. शेंड्या खालच्या बाजूला घेतल्या तर पावण्यांच्या पायाच्या बोटांत अडकायला लागल्या. शेवटी गाठी मारून वरून एक वेगळा अभ्रा चढवायचा आणि तो चारी बाजूंनी शिवून टाकायचा, अशी तोड मी काढली. शेंड्या आत, पोरं बाहेर. ही युक्ती माझी स्वतःची होती आणि मला तिचा फार अभिमान वाटला. पुढची चूक याच युक्तीनं केली.

त्याच दिवसांत चंदगडकडच्या एक बाई दुकानात आल्या. एसटीनं अंग खिळखिळं झालेलं, डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी. बाकड्यावर बसून आधी पाणी प्याल्या आणि मग शेडमधल्या मशीनवर मात करील अशा आवाजात म्हणाल्या, "रजई पायजे. लेकीच्या बाळंतपणाला. पैलंच हाय. आमच्याकडं पाऊस म्हंजे काय इचारू नगा, भिंतीस्नी बी घाम येतोय." त्यांचं नाव हिराबाई. मी त्यांना मावशी म्हणू लागलो.

मी गाठीची रजई दाखवली. ओल्या मुलखाला तीच चांगली, लवकर वाळते, हे खरं होतं आणि मी ते सांगितलं. मावशींनी शेंडीला नुसतं बोट लावलं आणि हात मागे घेतला.

"गाठीची नगं. धावदोऱ्याची करून द्या. बाळंतिणीच्या हाथरुणात गाठ असू न्हाय."

"का ओ मावशी?"

"का म्हंजे? पोर अडतंय. आमी कळा सुरू झाल्या की तिची वेणी बी सोडतो, पेटीची कुलपं काढतो. आनि तुमी अंगावर एवढ्या गाठी घालताय."

मी हसलो. "मावशी, रजईतल्या गाठीनं पोटातलं पोर कसं अडंल?"

"तुमी नगा मानू की. तुमास्नी कोन म्हनतंय माना म्हनून? पर त्यात माजी लेक झोपनार हाय, तुमी न्हाय."

मी धावदोऱ्याची रजई करून देतो म्हणालो.

आता माझ्या मनात काय होतं ते सांगायला हवं. आम्ही बौद्ध. वडिलांनी घरातले देव, अंगारे, ताईत सगळं बाहेर काढलं होतं. लहानपणी मला ताप आला तेव्हा शेजारणीनं मायेपोटी मनगटाला गाठी मारलेला काळा दोरा बांधला होता. वडिलांनी तो कात्रीनं कापला, मला सायकलवर बसवलं आणि दवाखान्यात नेलं. त्यांचं बरोबरच होतं. पण मी त्यातून एक सोयीची गोष्ट उचलली: जो माणूस असलं काही मानतो त्याला आपण थोडं कमी लेखलं तरी चालतं.

धावदोऱ्याचं काम माझी बायको सुनंदा करायची. त्या आठवड्यात ती हॉटेलच्या अभ्र्यांना जुंपलेली होती. मावशी रजई न्यायला येणार त्याच्या आदल्या दिवशी खोळ भरून तशीच पडलेली. 'मावशी, चार दिवस थांबा' असं सांगता आलं असतं. मी बसलो आणि गाठी मारल्या. शेंड्या होतील तेवढ्या आखूड केल्या, वरून फुलाफुलांचा जाड अभ्रा चढवला, कडेनं शिवला आणि दिसायला म्हणून त्या अभ्र्यावर धावदोऱ्याच्या चार ओळी ओढल्या.

सुनंदानं बघितलं. "मावशींना सांगनार हाय का?"

"अंधश्रद्धेला खतपानी कशाला घालायचं?"

"त्यांची समजूत चुकीची असंल," ती म्हणाली, "पर तुमचं वागनं तरी कुठं बरोबर हाय? त्यांना तोंडावर सांगा, आमी न्हाय मानत, गाठीचीच घ्या. ते जमत न्हाय, आनि म्हनं खतपानी."

मावशी आल्या. अभ्र्यावरून हात फिरवला. "धावदोरा हाय न्हवं? आत गाठ न्हाय न्हवं?"

"न्हाय की," मी म्हणालो.

मावशींनी रजईला नमस्कार केला. मला नाही, रजईला. पोत्यात घातली आणि स्टँडची वाट धरली.

दर रविवारी विहारात पंचशील म्हणताना चौथं शील येतं, खोटं बोलण्यापासून दूर राहण्याचं. त्या रविवारी ते मी इतरांच्या आवाजात आवाज मिसळून म्हणून टाकलं. पुढचे बरेच रविवार तसंच केलं.

पुढच्या हिवाळ्यात मावशी तीच रजई घेऊन आल्या. "कापूस गोळा झालाय. पिंजून द्या."

एवढ्यात कापूस गोळा व्हायचं कारण नव्हतं. अभ्र्याची एक बाजू उसवून पुन्हा हातानं शिवलेली दिसली. मी ती उघडली. आत सगळ्या गाठी कापलेल्या. झिजून तुटलेला दोरा पिंजारतो. हे दोरे कात्रीनं कापलेले होते. एकही गाठ सोडली नव्हती. कोपऱ्यातल्या, शिवणीखाली दडलेल्यासुद्धा शोधून कापल्या होत्या.

मावशी बाकड्यावर चहा पीत होत्या.

"बाळंतपण नीट झालं न्हवं?" मी विचारलं.

"झालं. नातू हाय. अडलं हुतं जरा. सोडवलं देवानं."

एवढंच. मी रजई गुंडाळून आत सुनंदाकडे नेली. सुनंदानं ती रजई धावदोऱ्यानं शिवून दिली, इतक्या बारीक टाक्यांची की तशी तिनं पुन्हा केली नाही. मावशी न्यायला आल्या तेव्हा मी म्हणालो, "मावशी, आता खरंच गाठ न्हाय."

"व्हय व्हय," त्या हसून म्हणाल्या, "मागल्या येळंला बी न्हवतीच की."

दुकानातलं दुसरं गिऱ्हाईकही हसलं, काही न कळता. मी पोतं बांधून दिलं.

मला वाटलं, विषय संपला. मावशींनी टोमणा मारला, मला लागला, फिटंफाट झाली. मूल सुखरूप होतं. धंदा वाढत होता. बाजारात मऊ, चकचकीत ब्लँकेटं आली तेव्हा पुष्कळ पिंजाऱ्यांनी मशीनं मोडीत घातली. माझं टिकलं, कारण गाठीच्या रजया परत पिंजून देणारं दुकान म्हणून लोक यायचे. एकाच कुटुंबाचा कापूस मी तीन-तीनदा पिंजलाय. आजोबांच्या रजईतला कापूस नातवाच्या गादीत जाताना बघितलाय. ह्या धंद्यानं मला पोटापुरतं दिलंच, वर झोपही चांगली दिली.

मग काही वर्षांनी एक बाई दुकानात आल्या. नीटनेटक्या, खांद्याला पर्स, शाळेत शिक्षिका. नाव सुमन. धाकट्या भावाच्या लग्नासाठी गाद्या-रजया हव्या होत्या.

"धावदोऱ्याच्या दाखवू का गाठीच्या?" मी विचारलं.

"कुठल्याही चालतील. आमच्या आईला तेवढ्या गाठीच्या दाखवू नका." त्या हसल्या. "तुमच्याच दुकानातली हो ती रजई. चंदगडहून आली होती आई, हिराबाई. माझ्या बाळंतपणासाठी स्वतःच गाठीची रजई घेऊन गेली आणि ऐन वेळेला स्वतःच कापत बसली."

मी काउंटरवरची वही मिटली. त्या सांगत होत्या. कळा सकाळी सुरू झाल्या, दुपार झाली तरी सुटका होईना. नर्सबाई म्हणाल्या, दवाखान्यात हलवा. जीप आली. पेटीत ठेवलेली नवी कोरी रजई आईनं सोबत न्यायला म्हणून काढली, काखेत धरली आणि एकदम थांबली. "तुमी व्हा फुडं, मी आलोच," म्हणाली. वहिनी सोबत होती म्हणून जीप निघाली. आई घरी बसून अभ्रा उसवून गाठी कापत राहिली. तेवढ्यात ओढ्याला पाणी आलं आणि रस्ता बंद झाला. आई पोचली ती दुसऱ्या दिवशी. तोवर मुलगा होऊन गेला होता.

"भाऊ अजून चिडवतो तिला," सुमनताई म्हणाल्या. "आईच्या हातात कात्री द्या, लेक गेली तरी कळायचं नाही. आम्ही हसतो. पण खरं सांगू का दादा? मी तिला हाका मारत होते. पहिल्या वेळेला आईच लागते हो. ते काही माझ्या मनातून जात नाही. विचारलं तर म्हणते, माझीच चूक, मीच बघून घेतली नाही."

दुकानात गिऱ्हाइकं होती. हॉटेलचा मॅनेजर पावतीसाठी उभा होता. मी सुमनताईंना रजया दाखवल्या, बांधून दिल्या, 'लग्न कधी' म्हणून विचारलंसुद्धा. जे बोलायचं ते तेवढं बोललो नाही.

घरी सुनंदाला सांगितलं. ती ताटावरून उठली नाही, ओरडली नाही. "म्हंजे त्या बाईनं तुमचं खोटं सोताच्या अंगावर घेतलं," ती म्हणाली. "आता तुमी जाताय का मी जाऊ?"

तरी मला जायला मे महिना उजाडला. कारण म्हणून सांगत होतो, की शाळेला सुट्टी लागली की सुमनताई माहेरी असतील, दोघी एकदम भेटतील. थोडं कारण होतं, थोडी भीती होती.

मावशींच्या गावी एसटीतून उतरलो तेव्हा सगळीकडे काजूच्या बोंडांचा आंबूस वास पसरलेला. मावशी अंगणात काजूबिया वाळत घालत होत्या. मला बघून त्यांनी डोळ्यांवर हात धरला. "कोन पावनं? आगं बाई, गादीवाले! सुमे, च्या टाक. कोल्लापूरचं गादीवाले आल्यात." मग माझ्या मोकळ्या हातांकडे बघून, "रजई न्हाय आनली? मग काय उपेग तुमचा?"

सुमनताई चहा घेऊन ओसरीवर आल्या. मी कप खाली ठेवला.

"ताई, तुमच्या बाळंतपणाची रजई. मावशींनी गाठीची मागितलीच नव्हती."

"राहू द्या ओ," मावशी एकदम म्हणाल्या. "च्या निवतोय तुमचा."

"निवू दे मावशी. ताई, त्यांनी मला बजावून सांगितलं होतं, गाठ नको. मी गाठीच मारल्या आणि वरून अभ्रा शिवला, कळू नये म्हणून. त्यांनी विचारलं, तर तोंडावर न्हाय म्हणून सांगितलं. त्यांना ते जीप निघताना हाताला लागलं असणार."

सुमनताई आईकडे वळल्या. "आये, तू कधी बोलली नाहीस?"

"काय बोलू? फसलो म्हनू?" मावशी बिया निवडत म्हणाल्या. त्यांची मान खाली होती. "तू शिकल्याली. गाठीनं पोर अडतंय म्हनलो असतो तर तू हसली असतीस. आनि मला तर वाटत हुतं, एकेक गाठ कापली की तुजी एकेक कळ कमी हुतीया. मी तिकडं यायचं सोडून बसलो न्हवतो गं. मला वाटलं मी तुज्याच कामात हाय."

सुमनताई उठल्या आणि बियांच्या सुपाशेजारी, आईला लागून बसल्या. मावशींनी सूप थोडं बाजूला सरकवलं, त्यांना जागा व्हावी म्हणून.

मला आपण इथून उठून जावं असं वाटलं. पण ज्यासाठी आलो होतो ते अजून व्हायचं होतं. मी ओसरीवरून खाली उतरलो, दोघींसमोर अंगणात उभा राहिलो आणि हात जोडले.

"मावशी, तुमी जे मानत हुता ते मी मानत नव्हतो, आजबी मानत न्हाय. पर तुमी विश्वासानं विचारलं आनि मी खोटं बोललो. ताई, तुमी हाका मारत हुता तवा तुमची आई तुमच्याजवळ नव्हती, ती माझ्यामुळं. एवढी वर्सं तो दोष त्यांनी सोसला आनि मी सोसू दिला. माझं चुकलं. मला माफ करा."